मिस्त्रींचा अर्धा आटा

मिस्त्रींच्या घरात बरणी उघडणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. एकाने बरणी पोटाशी घट्ट धरायची, दुसऱ्याने झाकणाला ओला फडका गुंडाळून पिळायचं आणि तिसऱ्याने बाजूला उभं राहून नुसतंच "लाव जोर, लाव जोर" म्हणायचं. हे तिसरं काम मिस्त्री मोठ्या आवडीने करत. कारण झाकण लावलेलं असे त्यांनीच.

"चाळीस वर्षं या माणसाने आवळलेलं उघडतेय मी," सासूबाई सुनेला सांगायच्या. "नळ बंद करतील तो असा, की सकाळी तोंड धुवायला पकड शोधावी लागते."

"अगं, गळायला नको म्हणून," मिस्त्री म्हणायचे.

"मिठाची बरणी कुठे गळते हो?"

यावर मिस्त्री चष्मा काढून पुसायला घेत.

सून घरात नवीन होती तेव्हा तिला ही नुसती गंमत वाटे. मग एक दिवस कणिक मळताना तिच्या लक्षात आलं, की सासूबाईंचं उजवं मनगट पुरतं वळत नाही. तिने विचारलं, आणि सासूबाईंनी हात न थांबवता सगळं सांगून टाकलं.

लग्नाला दोन महिने झाले होते. मिस्त्री तेव्हा सडपातळ, कुरळ्या केसांचे, आणि स्वतःच्या आवाजावर खूष. जुन्या भागांतून त्यांनी एक मोटारसायकल जोडली होती. ती घेऊन नव्या बायकोला हवा खायला न्यायचं ठरलं. निघायची इतकी घाई, की मागच्या ब्रेकचा नट त्यांनी बोटांनीच फिरवून ठेवला. पान्याने आवळू परत आल्यावर. बाजाराचा उतार लागला. मिस्त्रींनी गाणं म्हणता म्हणता ब्रेकवर पाय दिला, आणि पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि जातच राहिला. गाडी शिंप्याच्या उघड्या दारातून थेट आत शिरली आणि अर्धवट शिवलेल्या कोटांच्या रांगेत जाऊन विसावली. मिस्त्रींना खरचटलंसुद्धा नाही. बायकोचं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण मनगट पहिल्यासारखं झालं नाही.

"त्या दिवसापासून मला घट्ट झाकण उघडत नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याच दिवसापासून हे जे दिसेल ते घट्ट लावतात. आता बोल!"

दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार, पुढे रस्ता. आत गेलं की उजव्या भिंतीवर लाकडी फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने रेखलेली, आणि त्या आकृतीवर तो तो पाना टांगलेला. एक आकृती मात्र कायम मोकळी असे, बारा नंबरची. तो पाना मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात राही. इतकी वर्षं, की त्यांच्या सगळ्या शर्टांचा डावा खिसा खाली ओघळलेला असे.

मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा जहाजावर कामाला होता. वर्षाचे नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. आणि घरी असताना हातात साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा धरायला नको. सून मात्र लग्नानंतर महिन्याभरातच दुकानाच्या दारात येऊन उभी राहू लागली. आधी बघत. मग रॉकेलच्या ट्रेमध्ये भाग धुऊन देत. मग एका दुपारी मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ तिच्या कानापाशी नेली आणि विचारलं, "काय म्हणतंय?"

तिने डोळे मिटून ऐकलं. "बाबा, आत कुणीतरी दात खातंय."

"बेअरिंग," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की जणू नातवंड झाल्याची बातमी आली. "बेअरिंग आहे ते, पोरी! बरोब्बर दात खातंय!"

तिची चूक झाली तर ते ओरडत नसत. "ही तालीम झाली," म्हणत, "आता खरा प्रयोग कर." आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून सांगत, की आमच्या सुनेने आज एकटीने अख्खा क्लच बसवला. ऐकणारा भाजीची पिशवी घेऊन उभा राही आणि क्लच म्हणजे काय हे समजल्यासारखं मान डोलवी.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या हातांना कंप सुटला. कपातला चहा बशीत येऊ लागला. बारीक स्क्रू बोटांतून निसटून ट्रेमध्ये पडू लागले. एका सकाळी त्यांनी पान्यांची कॅनव्हासची गुंडाळी सुनेच्या हातात दिली. समोरच्या दुकानातले घड्याळवाले काका, मिस्त्रींचे लहानपणापासूनचे दोस्त, त्या वेळी तिथेच होते. मिस्त्रींनी त्यांना साक्षीला धरलं.

"आजपासून दुकान हिचं. पण या दुकानाचा एक नियम आहे. एकच गाडी एकाच दुखण्याने तिसऱ्यांदा दारात आली, तर ज्याच्या हाताने ते झालं त्याने पाना खाली ठेवायचा. कायमचा. लोक आपल्याकडे गाडी नाही देत, जीव देतात."

"आणि तुला काय नियम?" काकांनी विचारलं.

"मला वेगळा नियम असता, तर मी तो सांगितला असता."

गुंडाळी दिली, पण बारा नंबर त्यांनी ठेवून घेतला. दाराजवळ स्टूल टाकून ते बसू लागले. गाडी दुरुस्त होऊन बाहेर निघाली, की त्यांच्या स्टुलापाशी क्षणभर थांबे. ते वाकत, मागच्या ब्रेकच्या नटाला बारा नंबर लावत, अर्धा आटा म्हणजे अर्धा फेरा आवळत, सीटवर थाप मारत आणि म्हणत, "जा बाई, सांभाळून." मिस्त्रींची थाप पडल्याशिवाय गाडी गेली तर गिऱ्हाइकालाच चुकल्यासारखं होई. सून त्या वेळी बहुधा मागच्या मोरीवर साबणाने हात घासत असे. तिने हा निरोप शेकडो वेळा पाहिला होता, आणि म्हणूनच तो तिला दिसेनासा झाला होता. एवढं मात्र तिच्या मनात नोंदलं गेलं होतं, की त्या अर्ध्या आट्याच्या वेळी बाबांचा हात थरथरत नाही. दिवसभरात तेवढा एकच क्षण.

आणि मग नर्सबाईंची गाडी आली.

नर्सबाई टेकडीवरच्या वस्तीत घरोघर जाऊन मलमपट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत, मागे औषधांची पेटी बांधलेली. त्यांनी एक मोठी मोटारसायकल सेकंडहँड घेतली होती. तिच्या मागच्या चाकालाही डिस्क ब्रेक होता. दुकानात येणाऱ्या बाकीच्या सगळ्या गाड्यांना मागे जुना ड्रम ब्रेकच असे, म्हणून मिस्त्री पहिल्या दिवशी त्या चकचकीत तबकडीकडे चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"उतार उतरून खाली येईपर्यंत मागचं चाक धरायला लागतं," नर्सबाई म्हणाल्या. "मी ब्रेक सोडला तरी तो मला सोडत नाही. जळकट वास येतो. काल तबकडीवर पाणी ओतलं तर चर्रकन वाफ निघाली."

"अहो, पाणी नका ओतू! वाकडी होईल ती," सून म्हणाली.

"मग काय, फुंकर घालू?"

गाडी दुकानात येईपर्यंत थंड झालेली होती आणि शहाण्या मुलासारखी वागत होती. चाक हाताने फिरवलं की छान फिरे. सुनेने कॅलिपर उघडला. ब्रेक पॅडना तबकडीवर दाबणारा हा लोखंडी जबडा ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्या पिना कोरड्या पडल्या होत्या आणि एकीवर गंजाचा पट्टा होता. तिला हायसं वाटलं. तिने त्या घासल्या, योग्य ते ग्रीस लावलं, जबडा बोटाने सरकतो ना ते पाहिलं. मग गाडी घेऊन टेकडी चढली-उतरली. तबकडी जेमतेम कोमट. झालं! गाडी गेली.

चार दिवसांनी ती परत आली.

"बाई, तुमचं औषध लागू पडलं नाही," नर्सबाई म्हणाल्या.

या वेळी सुनेने काही शिल्लक ठेवलं नाही. ब्रेकचं तेल काळ्या चहासारखं झालेलं. ते काढून डब्यावर लिहिलं होतं तेच नवं भरलं. पिस्टन बाहेर काढून पुसला, सील नवीन घातले. जुनी नळी आतून फुगली, की तेल जाऊ देते पण परत येऊ देत नाही, म्हणून नळीही बदलली. तबकडी वाकडी आहे का ते बघायला शेजारी तार धरून चाक फिरवलं. शेवटी पायाखालच्या पेडलला थोडा मोकळा प्रवास ठेवला, नाण्याच्या जाडीइतका, ज्याला मिस्त्री लोक प्ले म्हणतात. पेडल दाबलं की पुढे ढकलल्या जाणाऱ्या ब्रेकच्या दांड्यावर आणि त्याच्या नटावर मिळून पांढऱ्या नेलपॉलिशचा एक सरळ पट्टा ओढला, नट आपोआप सैल होतोय का ते कळावं म्हणून. ही पॉलिशची बाटली नवऱ्याने कुठल्याशा बंदरातून आणली होती. नखं तर ग्रीसने काळी. बाटली वाया तरी का घालवा?

पुन्हा टेकडी. पुन्हा तबकडी कोमट.

"नर्सबाई, एक विचारू? राग मानू नका. गाडी चालवताना तुमचा पाय पेडलवर टेकलेला राहतो का?"

"म्हणजे आता दोष माझ्या पायाचा?" नर्सबाईंनी कमरेवर हात ठेवले. "पोट दुखतंय म्हणणाऱ्याला सांगायचं, की तुझं सगळं मनात आहे! मी हे रोग्यांना सांगते, तेव्हा त्यांना कसं वाटतं ते आज कळलं."

घड्याळवाले काका समोरून ओरडले, "पाय जडच आहे हो बाईंचा! परवा माझ्या फरशीला तडा गेला!"

"तुमच्या कंबरेत इंजेक्शन द्यायची वेळ येईल ना, तेव्हा हातही जड होईल," नर्सबाईंनी परतफेड केली. मिस्त्री हसले, वाकले, सीटवर थाप मारली. "जा बाई, सांभाळून." गाडी गेली.

तिसऱ्या वेळी ती आली, तेव्हा नर्सबाई तिच्यावर बसलेल्या नव्हत्या. सकाळचे दहा वाजले असतील. दोन माणसं मागून ढकलत होती आणि चाक रस्त्यावर घासत, कण्हत येत होतं. नर्सबाईंचा गुडघा सोलवटला होता. वळणावर चाकाने एकदम धरलं होतं. उतार संपत आला होता म्हणून बरं, गाडी कडेच्या मातीत आडवी झाली. शंभर पावलं वर असं झालं असतं, तर कडेला माती नव्हती. नुसती हवा होती.

कुणीच विनोद केला नाही. नर्सबाईंनी पेटीतून बोळा काढून स्वतःच गुडघा पुसला. "मला माझ्या रोग्यांकडे पायी जावं लागेल," त्या म्हणाल्या. "पाचला येते. नाही जमलं तर तसं सांगा. मला सांगितलेलं चालतं." आणि पेटी खांद्याला अडकवून त्या लंगडत निघाल्या.

घड्याळवाले काका रस्ता ओलांडून आले. त्यांनी तीन बोटं वर केली आणि लगेच खाली घेतली. मिस्त्री स्टुलावर ताठ बसले होते.

"तिसऱ्यांदा, बाबा," सून म्हणाली.

"आधी दुखणं शोध," मिस्त्री म्हणाले. "नियम काही पळून जात नाही."

एक गोष्ट मात्र या वेळी वेगळी होती. गाडी गरम होती. पहिल्यांदाच दुखणं अंगात असताना पेशंट दवाखान्यात आला होता.

सुनेने गाडी स्टँडवर चढवली. चाक दोन्ही हातांनी फिरेना. कॅलिपरवर तेल सोडायचा एक छोटा स्क्रू असतो. तिने त्याला पारदर्शक नळी लावली आणि पाव फेरा सैल केला. तेल पिचकारीसारखं उडालं आणि त्याच क्षणी चाक सुटून हलकं फिरू लागलं.

म्हणजे जबडा अडकलेला नव्हता. पिना, पिस्टन, सील, सगळे निर्दोष. तेलच आत कोंडलं गेलं होतं. नळी तर नवी. मग वरून कुणीतरी परतीचं दार बंद केलं होतं. ती नळीच्या वाटेने बोट फिरवत वर गेली, पायाजवळच्या छोट्या सिलिंडरपर्यंत, तिथून खाली पेडलपर्यंत. तिने पेडल बोटाने दाबून पाहिलं.

प्ले नव्हताच. नाण्याची जाडी सोडा, कागदाचीही नाही.

तिने मान खाली घालून दांड्याकडे पाहिलं. पांढरा पट्टा मोडला होता. दांड्यावरचा तुकडा आपल्या जागी होता. नटावरचा तुकडा फिरून पार मागच्या बाजूला गेला होता. अगदी मागे. ना पाव, ना पाऊण.

अर्धा आटा.

सून गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. मान वळवायची गरज नव्हती. मागे चार पावलांवर स्टूल होतं, स्टुलावर ओघळलेल्या खिशाचा शर्ट होता आणि त्या खिशात बारा नंबर होता.

सगळं आता लख्ख दिसू लागलं. ती स्वतः गाडी तपासून यायची, तेव्हा ती ठीक असायची. कारण निरोप त्यानंतर व्हायचा. पहिल्या वेळी दोष खरंच कोरड्या पिनांचा होता, पण पुढच्या दोन्ही वेळी गाडी दुकानातून तो अर्धा आटा घेऊनच गेली होती. ड्रमच्या गाड्यांना त्या अर्ध्या आट्याने काही होत नव्हतं, उलट ब्रेक जरा लवकर लागे आणि लोक खूष होत. पण या ब्रेकला पाय उचलल्यावर पुरतं मागे यायला जागा लागते. ती नसली, की तेल तापतं, तापून फुगतं, बाहेर पडायला वाट नाही म्हणून पॅड दाबतं, आणि दाबलं की आणखी तापतं. आपलंच आपल्याला आवळत जातं.

"सापडलं का?" मागून मिस्त्रींनी विचारलं.

"बघतेय, बाबा. पाणी पिऊन येते."

स्वयंपाकघरात सासूबाई दाराच्या बिजागरीच्या फटीत बरणीचं झाकण अडकवून बरणी फिरवत होत्या. करकर आवाज झाला आणि झाकण सुटलं. सून बघतच राहिली.

"आई, तुम्ही एकट्या उघडता?"

"मग? तू दिवसभर गाड्यांत, ते स्टुलावर. मी काय मिठावाचून बसू?" सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं गं?"

सुनेने हलक्या आवाजात सांगितलं. नटाचं, पट्ट्याचं, अर्ध्या आट्याचं. "नियम मला लागला तर मी पाना ठेवीन, आई. पण त्यांना लागला तर... तेवढंच एक राहिलंय त्यांच्या हातात. तेवढ्या वेळी हात थरथरत नाही त्यांचा."

सासूबाईंनी झाकण पुसून बाजूला ठेवलं.

"चाळीस वर्षं मी चेष्टा केली," त्या म्हणाल्या. "तक्रार कधी केली नाही. तक्रार केली असती तर त्यांना ते शिंप्याचं दुकान आठवलं असतं. ही बिजागरीची युक्तीही त्यांना ठाऊक नाही." त्यांनी बरणी फळीवर ठेवली. "पण माझी बरणी फुटली तर मीठ सांडेल, सूनबाई. त्या बाईचं काय सांडेल?"

सून पाणी न पिताच बाहेर आली.

"बाबा, जरा इकडे येता? तुम्हीच बघा."

मिस्त्री उठले, गुडघ्यांवर हात ठेवत गाडीशेजारी बसले. सुनेने उडालेलं तेल पुन्हा भरलं होतं. तिने तेलाच्या छोट्या टाकीचं झाकण काढलं आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला. "आत बघत राहा. मी पेडल दाबते."

तिने दाबलं. टाकीतलं तेल आरशासारखं स्थिर.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले.

तिने गुंडाळीतला सरकता पाना लावला. दांडा अर्धा फेरा मागे घेतला. पुन्हा पेडल दाबलं, अगदी हलकेच. टाकीच्या तळातून एक बारीक लाट वर आली, तेलावर वर्तुळ उमटलं आणि विरलं.

"आता श्वास घेतला," मिस्त्री पुटपुटले.

"तळाशी एक छिद्र आहे, सुईच्या टोकाएवढं. पाय उचलल्यावर ते उघडं राहिलं पाहिजे. दांडा थोडा जरी पुढे आला, की छिद्र झाकतं. तेलाला परत यायला वाट राहत नाही."

मिस्त्रींनी टॉर्च खाली केला. उजेड दांड्यावर पडला, नटावर पडला. आयुष्य या एका जागेकडे बघण्यात गेलेला माणूस तो.

"हा पांढरा पट्टा कुणाचा?"

"माझा."

"सरळ होता?"

मिस्त्रींनी खिशातून बारा नंबर काढला आणि टॉर्चच्या उजेडात धरला. पान्याच्या जबड्यात नेलपॉलिशचा पांढरा टवका चिकटलेला होता.

मिस्त्रींनी नखाने तो टवका खरवडून काढला.

"तुला आत जायच्या आधीच कळलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"गुपचूप सैल करून टाकायचं होतंस."

"आज केलं असतं, बाबा. पण गाडी तुमच्या स्टुलापाशी थांबलीच असती ना."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि अचानक त्यांच्या गळ्यातून हसू फुटलं, ओलं, खरखरीत. "थांबली असती! थांबली असती खरी!" मग ते उठले, फळ्यापाशी गेले आणि बारा नंबर त्याच्या पांढऱ्या आकृतीवर टांगला. हात इतका कापत होता, की पाना खिळ्यावर दोनदा वाजला. सून पुढे झाली, तर त्यांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं. तिसऱ्यांदा भोक खिळ्यात बसलं.

"बाबा, ड्रमच्या गाड्यांना तरी—"

"नियमाला ड्रम आणि डिस्क कळत नाही, पोरी."

पाचला नर्सबाई आल्या. मिस्त्री दारातच उभे होते. "बाई, दोष ना तुमच्या पायाचा, ना माझ्या सुनेचा. माझ्या हाताचा होता. चाळीस वर्षांची सवय. तुमचा गुडघा माझ्यामुळे फुटला." त्यांनी हात जोडले.

नर्सबाईंनी ते हात धरून खाली घेतले, आणि सवयीने नाडीवर बोट ठेवलं. "सवयीने फुटलेले गुडघे मी रोज बांधते, मिस्त्री. कोणी कबूल करत नाही एवढंच." मग समोर वळून खणखणीत आवाजात, "ऐकलंत का हो घड्याळवाले? पाय हलका आहे माझा!"

"फरशीचं काय मग?" समोरून उत्तर आलं.

सून गाडी बाहेर काढू लागली. स्टुलापाशी आल्यावर तिची पावलं आपोआप थांबली. मिस्त्री बसले होते, दोन्ही हात मांडीवर, खिसा रिकामा. नर्सबाई हेल्मेट हातात घेऊन तिष्ठत राहिल्या.

सुनेने टाकीचं झाकण पुन्हा उघडलं. "बाबा, मला टॉर्च धरायचाय. पेडल तुम्ही दाबा. एका बोटाने. प्ले आहे की नाही तुम्ही सांगितल्याशिवाय गाडी जाणार नाही. यात पाना लागत नाही," ती म्हणाली. "नियमात बसतं."

मिस्त्रींनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग वाकून पेडलवर तर्जनी ठेवली. बोट थरथरत होतं. ते नुसतं टेकलं तरी पेडल केसभर हलत होतं, आणि टाकीतल्या तेलावर एकामागून एक बारीक वर्तुळं उमटत होती.

"दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय, बाबा. स्वच्छ."

त्यांनी सीटवर थाप मारली. "जा बाई, सांभाळून."

अर्ध्या तासाने गाडी टेकडी उतरून परत आली. नर्सबाईंनी न उतरता बोट ओलं करून तबकडीकडे नेलं. थेंब पडला, तबकडीवरून निवांत घसरला आणि खाली गेला. चर्र नाही, वाफ नाही. हॉर्न दोनदा वाजवून बाई निघून गेल्या.

संध्याकाळच्या स्वयंपाकाला सासूबाईंनी मिठाची बरणी काढली. सवयीप्रमाणे ती बिजागरीकडे न्यायला निघाल्या आणि मध्येच थबकल्या. झाकण त्यांच्या डाव्या हातात आलं होतं. नुसतं उचलल्यासारखं. दुपारी ते कुणी बसवलं होतं हे विचारायची गरज नव्हती. मिस्त्री पलीकडे खुर्चीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते, आणि पत्र उलटं होतं.

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. झाकण एकदा लावून पाहिलं, एकदा काढून पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही अशी सैल ठेवलीत. गळेल ना."

वर्तमानपत्र जरासं खाली आलं.

"मिठाची बरणी कुठे गळते गं?" मिस्त्री म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला घेतला.